समुद्र वाशीमपासून दूर नाही

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. मुंबईचे बंदर येथून पाचशेहून अधिक किलोमीटर दूर. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी समुद्र पाहिला तो सिनेमात, नाही तर भूगोलाच्या नकाशातल्या निळ्या रंगात. मीही त्यांतलीच एक. मग जहाजांच्या धंद्याविषयी लिहिण्याचा खटाटोप मी कशाला करावा, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, आमच्या घरचा वर्षाचा सगळा हिशेब सोयाबीनच्या भावावर चालतो. माझी कॉलेजची फी त्यातूनच निघते. आणि हा भाव केवळ बाजार समितीच्या ओट्यावर ठरत नाही; त्याचा बराचसा भाग बंदरात आणि जहाजावर ठरतो. जी गोष्ट आपल्या ताटात किती पडणार हे ठरवते, ती आपल्याला ठाऊकच नसावी, हे मला पटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक उदाहरण देते. २०२१ च्या ऑगस्ट महिन्याच्या सुरुवातीस काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेले होते. असा भाव आमच्या वडिलांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्याच महिन्याच्या अखेरीस केंद्र सरकारने बारा लाख टन सोयापेंड परदेशातून आणण्यास परवानगी दिली. कोंबड्यांच्या खाद्याचे भाव वाढल्यामुळे कुक्कुटपालनाच्या व्यवसायाकडून तशी मागणी होती. ही पेंड कोणत्या वाटेने आणायची तेही हुकमात लिहिलेले होते, आणि त्यात न्हावा शेवा बंदराचे नाव होते. पुढे नव्या पिकाची आवकही सुरू झाली आणि आमचे सोयाबीन घरात येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. दोष सगळा जहाजांचा नव्हता, हे खरे. पण जहाजाने माल येणार ही नुसती बातमी बाजार खाली आणायला पुरते, हे आमच्या गावाने तेव्हा पाहिले.

खाद्यतेलाचेही तेच. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयातशुल्क शून्यावरून वीस टक्के झाले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते निम्मे करून दहा टक्क्यांवर आणले गेले. अर्जेंटिना-ब्राझीलचे सोयातेल आणि इंडोनेशिया-मलेशियाचे पामतेल टँकर जहाजांतून आपल्या बंदरात उतरते आणि कारंजा-मंगरूळपीरच्या शेतकऱ्याच्या पोत्याशी स्पर्धा करते. २०२४-२५ सालासाठी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. बाजारात तो अनेकदा मिळाला नाही. हे सारे मी वडिलांना सांगू लागले तेव्हा ते म्हणाले, “आपल्या सोयाबीनले अन् जहाजाले काय देनंघेनं वं बाई?” देणेघेणे आहे, आणि ते फार जुने आहे.

आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्याहीपूर्वी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाच्या माहितीचे ‘पेरिप्लस’ नावाचे पुस्तक लिहिले. पैठण आणि तेर येथला माल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलुखातून भडोचच्या बंदरात नेत, अशी नोंद त्यात आहे. दख्खनच्या पोटातला माल दोन हजार वर्षांपासून समुद्रावर जात आला आहे.

अलीकडचे उदाहरण कापसाचे. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. युद्ध संपले, अमेरिकेची जहाजे पुन्हा लिव्हरपूलला लागली, आणि इकडचा भाव कोसळला. आपल्या जिल्ह्यातल्या कारंजावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी रेल्वे, जिला लोक ‘शकुंतला’ म्हणतात, ती इंग्रज कंपनीने बांधली ती मुख्यतः कापूस मुख्य रेल्वेमार्गापर्यंत आणि तेथून मुंबईच्या गोदीपर्यंत नेण्यासाठी. ती गाडी आता बंद आहे. परंतु २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून जातो, आणि त्यावरून धावणाऱ्या ट्रकांवरच्या लोखंडी पेट्यांपैकी कित्येक बंदराच्या वाटेवर असतात. रस्ता बदलला, टोक तेच राहिले.

आता हा धंदा चालतो कसा ते पाहू. २३ मार्च २०२१ रोजी सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ नावाचे जहाज आडवे होऊन रुतले आणि सहा दिवस जगाचा व्यापार खोळंबला, हे अनेकांना आठवत असेल. जहाजाची लांबी चारशे मीटर, म्हणजे आपल्या कॉलेजच्या धावण्याच्या मैदानाची पुरी फेरी. हे जहाज कोणाचे? मालक जपानी. ते भाड्याने घेऊन चालवणारी कंपनी तैवानची. देखभाल आणि खलाशांची व्यवस्था पाहणारी कंपनी जर्मन. जहाजावर झेंडा पनामा देशाचा. जहाज धड आहे की नाही हे तपासून दाखला देणारी संस्था अमेरिकन. आणि त्यावर काम करणारी पंचवीसच्या पंचवीस माणसे भारतीय! मालाचे मालक तर हजारो आणि देशोदेशींचे. जहाज सुटले तरी भरपाईच्या वादात इजिप्तने ते जुलैपर्यंत अडकवून ठेवले, आणि त्यावर थांबावे लागले ते आपल्या लोकांना. जहाज-व्यवसायाचे सगळे स्वरूप ह्या एका उदाहरणात आले. नफा एका देशात, कर दुसऱ्या देशाच्या नियमाने, आणि घाम तिसऱ्या देशाचा.

झेंड्याची भानगड समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक जहाजाची कुठल्या तरी देशात नोंदणी व्हावी लागते आणि त्यावर त्या देशाचा कायदा चालतो. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटे अशा देशांत नोंदणी सोपी आणि कर नाममात्र. म्हणून जगातली कितीतरी जहाजे ह्या देशांच्या झेंड्याखाली फिरतात. मोठमोठ्या राष्ट्रांना जे जमले नाही ते ह्या छोट्या देशांनी नुसत्या कागदावर साधले आहे!

जहाज चालवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली ठरावीक वेळापत्रकाची. ठरलेली बंदरे, ठरलेले दिवस, थोडा माल असला तरी निघायचे. ही झाली आपली एस.टी. कंटेनरची जहाजे बहुतेक अशी चालतात. दुसरी तऱ्हा म्हणजे आपली काळीपिवळी. जिकडची सवारी मिळेल तिकडे जायचे, आणि गाडी भरली की निघायचे. कोळसा, धान्य, खते, लोहखनिज असा सुटा माल नेणारी जहाजे ह्या तऱ्हेची. त्यांचे भाडे रोज वरखाली होते, आणि त्या चढउताराचा अंदाज लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजने काढलेल्या निर्देशांकावरून सगळे जग घेते. तेले नेणारे टँकर हा आणखी वेगळा प्रकार.

जहाज भाड्याने देण्याचे प्रकार शेतकऱ्याला समजायला तर अगदी सोपे. नुसते जहाज घ्या, माणसे तुमची, खर्च तुमचा, हा प्रकार म्हणजे मक्त्याने घेतलेले शेत. जहाज माणसांसकट अमुक महिन्यांसाठी घ्या, डिझेल तुमचे, हा प्रकार म्हणजे ड्रायव्हरसह तासाने लावलेला ट्रॅक्टर. आणि अमुक माल अमुक बंदरापासून तमुक बंदरापर्यंत पोहोचवा, टनामागे इतके घ्या, हा प्रकार म्हणजे सरळ खेप. बंदरात माल भरायला ठरल्यापेक्षा जास्त दिवस लागले तर जहाजमालक दर दिवसाचा दंड लावतो. मोंढ्यात काट्यावर रात्रभर उभ्या राहिलेल्या आपल्या ट्रॅक्टरचे खोळंब्याचे पैसे मात्र कोणी देत नाही!

माल चढवला की कप्तानाच्या वतीने एक कागद मिळतो, त्याला बिल ऑफ लेडिंग म्हणतात. ही जहाजाची बिल्टी. पण ट्रकच्या बिल्टीहून तिचे वजन फार मोठे. ती पावती आहे, कराराचा पुरावा आहे आणि मालाच्या मालकीचा कागदही आहे. माल समुद्रात असतानाच हा कागद विकता येतो, बँकेत ठेवून त्यावर पैसे उचलता येतात. आपल्याकडे ह्याविषयीचा १८५६ सालचा कायदा २०२५ पर्यंत चालत होता. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला. शेतकऱ्याला गोदामातल्या मालाच्या पावतीवर कर्ज मिळावे असे आज आपण म्हणतो. दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी ती युक्ती शेकडो वर्षांपूर्वी शोधली होती.

राहिली ती लोखंडी पेटी, म्हणजे कंटेनर. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन ह्या अमेरिकन ट्रकमालकाने ५८ पेट्या एका जहाजावर ठेवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. त्याआधी पोते न् पोते हमालांच्या पाठीवरून चढत-उतरत असे आणि जहाज बंदरात दिवसेंदिवस पडून राही. आता पेटी कारखान्याच्या दाराशी भरली, सील केली, की ट्रक, रेल्वे, जहाज असा प्रवास करून परदेशी गोदामाच्या दाराशीच उघडते. वाहतूक स्वस्त झाली. मात्र गोदीतल्या हजारो कामगारांचे काम गेले, हेही लिहिले पाहिजे. उरणजवळचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. २०२४-२५ ह्या एका वर्षात वीस फुटी मापाने सत्तर लाखांहून अधिक कंटेनरांची तेथे ने-आण झाली. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे आणखी मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली आहे; तेथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि तोही ऐकला गेला पाहिजे.

आता पुन्हा सोयाबीनकडे येऊ. दाण्यात तेल साधारण अठरा टक्के. बाकीची बहुतेक पेंड. तेल आपण जहाजाने आणतो आणि पेंड जहाजाने पाठवतो. म्हणजे भाडे वाढले तर बाहेरचे तेल महाग होऊन आपला फायदा, आणि आपली पेंड परदेशात महाग पडून आपले नुकसान! २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून, दहा-पंधरा दिवस जास्त घेऊन जाऊ लागली. त्याचा खर्च कोणी भरला? परदेशातला ग्राहक आपला भाव सांगतो. त्यातून जहाजाचे भाडे वजा होते, विमा वजा होतो, बंदराचा खर्च, ट्रकभाडे, गिरणीचा खर्च आणि नफा, अडत, हमाली, सगळे वजा होते. ह्या साखळीतला प्रत्येक जण आपले आधी कापून घेतो. सगळ्यांचे वजा होऊन जे उरते त्याला शेतकऱ्याचा भाव म्हणतात. आणि साखळीतला एकटा शेतकरीच असा आहे की ज्याला ही वजाबाकी कोणी दाखवलेली नाही.

बरे, जे भाडे वजा होते ते जाते कोठे? बहुतांशी परदेशात. ह्या बाबतीत आपला इतिहास अभिमानाचा आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आपण आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. इंग्रज कंपन्यांनी भाडे पाडून तिला बुडवण्याचा प्रयत्न केला, पण ती तगली. विशाखापट्टणमला तिने जहाजबांधणीचा कारखाना काढला आणि १९४८ साली ‘जलउषा’ हे जहाज तेथून पाण्यात उतरले. १९६१ साली सरकारी शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली. आणि आज? आपल्या देशाचा वजनाने सुमारे ९५ टक्के परदेशी व्यापार समुद्रमार्गे होतो. पन्नास वर्षांपूर्वी त्यातला चाळीस टक्के आपल्या जहाजांतून जाई. आता तो पाच टक्क्यांवर आला आहे आणि वर्षाला सुमारे सहा लाख कोटी रुपये परदेशी जहाज कंपन्यांना द्यावे लागतात, असे सप्टेंबर २०२५ मध्ये भावनगरच्या सभेत खुद्द पंतप्रधानांनी सांगितले. त्याच महिन्यात जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर झाली. योजना चांगली असेल. परंतु घरचा ट्रॅक्टर नसलेल्या शेतकऱ्याची पेरणी नेहमी दुसऱ्याच्या सवडीने होते, हे समजायला इतकी वर्षे लागायला नको होती.

जहाजे आपली नाहीत, पण माणसे आपली आहेत. जगातल्या सुमारे एकोणीस लाख दर्यावर्दींत भारतीयांची संख्या मोठी आहे. इथेच आमच्या पिढीचा प्रश्न येतो. आमच्या गावाकडच्या मुलांना ‘मर्चंट नेव्ही’ हा शब्द आता माहीत झाला आहे, पण तो जाहिरातींतून. माझ्या मामाच्या गावच्या एका मुलाने अशाच एका एजंटला तीन लाख रुपये दिले. त्यासाठी घरच्यांनी दोन एकर शेत गहाण टाकले. त्याला काही महिने मुंबईत ठेवले, हातात कागद दिले. ते कागद खोटे निघाले. एजंटचा फोन बंद झाला. मुलगा आता पुण्याला एका गोदामात काम करतो आणि शेत अजून सुटलेले नाही. त्याला फसवले ते त्याच्या अज्ञानाने, असे म्हणणे सोपे आहे. पण ते अज्ञान दूर करणे कोणाचे काम होते? शाळेचे? कॉलेजचे? की त्याच्या निरक्षर आईबापांचे?

तीन साध्या गोष्टी त्याला कोणी सांगितल्या असत्या तर शेत वाचले असते. पहिली, खलाशाची भरती करणाऱ्या संस्थेकडे केंद्र सरकारच्या नौवहन खात्याचा परवाना असावा लागतो आणि तो तपासून पाहता येतो. दुसरी, जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे हेच मुळात नियमाविरुद्ध आहे. सागरी कामगारांविषयीचा २००६ सालचा आंतरराष्ट्रीय करार तसे सांगतो आणि भारताने तो २०१५ साली स्वीकारला आहे. तिसरी, प्रशिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतच घ्यायचे असते. खलाशाच्या शिक्षणाला दहावीही चालते, अधिकारी व्हायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते आणि २००८ साली स्थापन झालेल्या इंडियन मेरिटाईम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नोकरी मिळाली तरी सगळे सुखाचे नाही. मालकाने जहाज आणि पगार दोन्ही वाऱ्यावर सोडून दिल्याने परदेशी बंदरात महिनोन्‌महिने अडकलेल्या खलाशांत २०२४ साली सर्वांत जास्त भारतीय होते. हेही सांगितले पाहिजे.

मुलींनी ह्यातून आपल्याला वगळण्याचे कारण नाही. कप्तान राधिका मेनन ह्यांनी २०१५ च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात वादळात सापडलेल्या सात मच्छीमारांना आपल्या जहाजावर घेऊन वाचवले आणि २०१६ साली त्यांना आंतरराष्ट्रीय शौर्यपुरस्कार मिळाला. आमच्या वाडीवस्तीवरून एकटीने एस.टी.ने कॉलेजला येण्यासाठी घरच्यांची समजूत काढावी लागलेल्या मुलींना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

कोणी म्हणेल, बी. ए. च्या विद्यार्थ्यांना ह्या उठाठेवी कशाला? माझे म्हणणे नेमके उलट आहे. आम्ही अर्थशास्त्रात आंतरराष्ट्रीय व्यापाराचे सिद्धांत पाठ करतो, भूगोलात बंदरांची नावे लिहितो, आणि परीक्षा झाली की विसरतो; कारण त्या नावांचा आपल्या घराशी संबंध आहे हे आम्हाला कळतच नाही. म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. आपल्या महाविद्यालयाची सहल दरवर्षी त्याच त्या देवस्थानी आणि थंड हवेच्या ठिकाणी जाते. एक वर्ष ती रीतसर परवानगी काढून उरणच्या बंदरावर न्यावी. रोजगार मार्गदर्शन केंद्राने जहाजावर काम केलेल्या माणसाला बोलवावे, आणि भरतीच्या परवान्याचे नियम सूचनाफलकावर मराठीत लावावेत. आणि तिसरी सूचना बाजार समितीला. ओट्यावर जसा आजचा सोयाबीनचा भाव लिहिता, तसा त्याच फळ्यावर बंदरात उतरलेल्या तेलाचा आणि पेंडीचा भाव लिहा. खर्च एका खडूचा आहे.

त्या फळ्याने भाव वाढणार नाही, हे मी जाणते. पण अडत्याने “आज मार्केट डाऊन आहे” म्हटल्यावर आमचे वडील मान हलवून पोते सोडतात, त्याऐवजी “का डाऊन आहे?” एवढे तरी ते विचारू शकतील. प्रश्न विचारता येणे हेच शिक्षण, असे आमचे सर वर्गात सांगतात. ते शिक्षण कॉलेजच्या फाटकापाशीच थांबू नये, एवढीच माझी मागणी आहे.

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष